घरगुती टेन्स यंत्र: मुंग्यांचा उपयोग करून घेतला तरच

दुखऱ्या जागी चार पॅड चिकटवायचे, बटण थोडं वाढवायचं आणि पाऊण तास टीव्हीसमोर पडून राहायचं. टेन्सचं, म्हणजे त्वचेतून विजेचे बारीक ठोके देऊन दुखणं दाबणारं, यंत्र घरी आणणारे बहुतेक जण ते असंच वापरतात आणि महिन्याभरात ते कपाटात जाऊन पडतं. यात यंत्राचा दोष थोडा, वापराचा जास्त. तळहातात मावणारं, दोन चॅनलचं (एक चॅनल म्हणजे दोन पॅडची एक जोडी) हे यंत्र झिजलेला गुडघा किंवा धरलेली कंबर बरी करत नाही. ते दुखणं तेवढ्यापुरतं दाबून धरतं. तेवढ्या वेळात सांधा चालवून घेतला तर पैसे वसूल. इथे यंत्राची पारख याच एका कसोटीवर केली आहे.

तत्त्व सोपं आहे. त्वचेतून जाणारे विजेचे बारीक ठोके स्पर्श वाहून नेणाऱ्या जाड मज्जातंतूंना जागं करतात (मुंग्या येतात त्या यामुळेच), आणि स्पर्शाचा हा लोंढा मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशाची वाट अडवतो. गुडघा आपटला की हात आपोआप तिथे जाऊन चोळायला लागतो, त्यामागेही हेच आहे. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये वेदनेची वाट अडवणाऱ्या या फाटकाची कल्पना मांडली. त्याच्या कितीतरी आधी रोमन वैद्य गाऊटच्या रुग्णाला जिवंत विद्युत-माशावर पाय ठेवायला लावत. यंत्राला निदान बंद करायचं बटण तरी आहे.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतात ते 'प्रोग्रॅम': वीस, पंचवीस, कधी त्याहून जास्त, शेजारी खांद्याचं, कमरेचं, टाचेचं चित्र. यांना भुलू नये. चित्र बदलतं, आतले आकडे मात्र वारंवारता (सेकंदाला किती ठोके, मोजमाप हर्ट्झ) आणि ठोक्याची रुंदी (एक ठोका किती वेळ टिकतो) यांच्या त्याच दोन-तीन जोड्यांचे फेरफार असतात, आणि ते कोणते हे पुष्कळदा माहितीपत्रकातही नसतं. वारंवारता आणि ठोक्याची रुंदी हाताने ठरवता येते असं साधं यंत्र जास्त उपयोगी. वारंवारता २ ते १५० हर्ट्झ आणि रुंदी ५० ते २५० मायक्रोसेकंद एवढी मुभा असली की पुरे. सुरुवात ८० ते १०० हर्ट्झ आणि १५०-२०० मायक्रोसेकंदांवर करावी; सलग, दाट मुंग्या येतात. २ ते ४ हर्ट्झवर मुंग्यांऐवजी टकटक जाणवते आणि स्नायू उडतो. या संथ प्रकारात शरीर स्वतःची अफूसारखी रसायनं वापरतं, त्यामुळे मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं रोज घेणाऱ्यांना त्याचा गुण कमी येऊ शकतो. त्यांनी ८० ते १०० हर्ट्झवरच राहावं. 'ईएमएस' हा शब्द दिसला तर ते काम वेगळं, स्नायू आकुंचित करण्याचं. एकाच यंत्रात दोन्ही असायला हरकत नाही, पण चुकून त्या बटणावर गेल्यास आखडलेली पाठ आणखी आखडल्यासारखी वाटते.

आता पॅड, कारण निम्म्या तक्रारी इथल्याच. ५ बाय ५ सेंटिमीटरचे चौकोनी पॅड बहुतेक जागांना चालतात. त्याहून लहान घेतले तर तेवढाच करंट कमी जागेतून जातो आणि टोचतं. त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. बाम किंवा तेल लावलेल्या जागी पॅड नीट बसतच नाही, आणि करंट जातो तो ठिपक्याठिपक्यांनी. दाट केस असतील तर कात्रीने कमी करावेत. त्याच दिवशी वस्तरा फिरवला तर आग होते. एका चॅनलचे दोन पॅड दुखऱ्या जागेच्या दोन बाजूंना, मध्ये निदान एका पॅडएवढं अंतर ठेवून. फार जवळ लावले तर सगळं वरच्यावर राहतं आणि चुरचुरतं.

कंबरेला मणक्यांच्या रांगेवर पॅड लावू नयेत. हाडावर नुसतं टोचतं. दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर एकेक चॅनल उभा लावावा. गुडघ्याला चार पॅड वाटीच्या चार कोपऱ्यांत लावावेत आणि चॅनल तिरके जोडावेत: पहिला वर-आतून खाली-बाहेर, दुसरा वर-बाहेरून खाली-आत. मुंग्या वाटीखालून आरपार गेल्यासारख्या वाटल्या की जागा बरोबर. नुसत्या मांडीवरच येत असतील तर वरचे पॅड दोन बोटं खाली घ्यावेत.

पॅड लावताना आणि काढताना यंत्र बंदच हवं. सर्रास होणारी चूक अशी: काही जाणवत नाही म्हणून करंटचा आकडा वाढवत नेला, मग लक्षात आलं की पॅडची कड सुटलीय, ती दाबली आणि सणकन झटका बसला. चांगली यंत्रं पॅड सुटला की आकडा स्वतःहून शून्यावर आणतात. ही एक सोय वीस प्रोग्रॅमपेक्षा मोलाची. एकाच पॅडखाली टोचत असेल तर त्याची जेल वाळलेली असते. पाण्याचा एक थेंब बोटाने पसरून दोन-तीन मिनिटं थांबावं. थेंबाचे चार झाले तर चिकटपणा जातो. साधारण वीस-तीस वापरांनंतर पॅड बदलावेच लागतात, तेव्हा घेण्याआधी सुटे पॅड मिळतात का आणि पिन नेहमीच्या २ मिलिमीटरची आहे का, एवढं पाहावं. वेगळ्याच आकाराची पिन असलेलं यंत्र म्हणजे जन्मभर त्याच एका कंपनीचे पॅड. मुंग्या मध्येच येत-जात असतील तर बॅटरीला दोष देण्याआधी वायर पिनेजवळ हलवून पाहावी. ती तुटते तिथेच.

करंट किती ठेवायचा? 'जाणवतोय' एवढा पुरत नाही. मुंग्या जोरदार हव्यात, पण सहन होतील अशा, आणि स्नायू उडायला लागण्याच्या जरा आत. पाच-दहा मिनिटांत त्या फिक्या पडतात. यंत्र बिघडलेलं नसतं, नसांना सवय होते. तेव्हा एक-दोन पायऱ्या वाढवायच्या. सुरुवातीच्या आकड्यावर अर्धा तास बसून राहणं म्हणजे अर्धवट मात्रा घेणं. रोज तेच आकडे आठवडेच्या आठवडे ठेवले तरी गुण कमी होत जातो, म्हणून वारंवारता आलटून पालटून ठेवावी.

आणि मुख्य मुद्दा: दहा मिनिटांनी उठायचं. पॅड तसेच, यंत्र पट्ट्याला अडकवलेलं, आणि व्यायाम सुरू. गुडघ्यासाठी खुर्चीतून उठणं-बसणं दहा वेळा, मग बसून पाय सरळ करून पाच सेकंद धरणं दहा वेळा. कंबरेसाठी दहा-पंधरा मिनिटं चालणं आणि दुखतं त्या बाजूला हळूहळू वाकणं. यंत्राचा परिणाम मुख्यतः ते चालू असताना आणि बंद केल्यावर थोडा वेळ टिकतो, म्हणून 'आधी यंत्र, व्यायाम संध्याकाळी' हा क्रम वाया जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणका आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर उठाबशा कमी कराव्यात. करंट वाढवून त्याच संख्येवर अडून राहू नये.

पुराव्याचं चित्र मिश्र आहे. २०२२ मध्ये ३८१ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात यंत्र चालू असताना आणि लगेच नंतर वेदना कमी होते असं दिसलं. दुसरीकडे उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असं म्हटलंय आणि व्यायामाला पुढे ठेवलंय. दोन्ही खरं असू शकतं: तेवढ्यापुरता आराम एक, आणि महिन्याभराने कंबर कशी आहे हे दुसरं.

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं तसं कुठलंही उपकरण असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हात लावू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांजवळ, छातीच्या आरपार, जखमेवर, कॅन्सरच्या गाठीवर, रक्ताची गुठळी असलेल्या पायावर, आणि गरोदरपणी पोट-कंबरेवर पॅड लावायचे नाहीत. मधुमेहामुळे जागा बधिर असेल तर तिथेही नको. करंट किती झाला हे कळतच नाही आणि त्वचा भाजते. झोपेत, अंघोळीत, गाडी चालवताना बंद. आणि कंबरदुखीबरोबर जांघांमध्ये बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणं किंवा पायातली ताकद जाणं असेल तर यंत्र बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावं.

घ्यावं की नाही, हे ठरवायला घड्याळ आणि खुर्ची पुरते. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर दुमडावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजावं. आधी यंत्राशिवाय; मग फिजिओथेरपिस्टकडचं यंत्र लावून, दहा मिनिटांनी पुन्हा. बसल्याजागी दुखणं किती कमी झालं हे विचारू नये, उठताना किती कमी झालं ते विचारावं. आकडा दोन-तीनने वाढला तर यंत्र घ्यायला हरकत नाही. तेवढाच राहिला तर दोनदा पॅडची जागा बदलून पाहावं, आणि तरीही तेवढाच असेल तर त्या पैशात फिजिओथेरपीच्या चार बैठका घ्याव्यात.