पुस्तिका उत्तम, सेवा तोकडी : डाळमिलच्या हिशेबप्रणालीचा सहा महिन्यांचा अनुभव

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलमध्ये मी हिशेब पाहतो. गेल्या पाडव्याला आम्ही खास डाळमिलसाठी बनवलेली हिशेबप्रणाली घेतली आणि तिच्यासोबत वर्षाला ६,००० रुपयांचा देखभाल करारही केला. प्रणालीबद्दल माझी तक्रार जवळजवळ नाही. तुरीची आवक, काट्याची पावती, हमाली, तोलाई, बारदान, डाळीचा उतारा (कच्च्या मालातून निघणारी डाळ), चुनी-भुशाची विक्री हे सारे तिच्यात एका धाग्यात बांधलेले आहे. त्याहून मोलाची आहे ती तिची मराठी मदतपुस्तिका, कारण ती लिहिणाऱ्याने मिलमध्ये उभे राहून माल पाहिलेला आहे, हे पानोपानी जाणवते. ओलाव्यामुळे येणारी घट उताऱ्यात धरायची की वेगळी दाखवायची, हा आमच्याकडचा जुना वाद तिने क्विंटलच्या आकड्यांनिशी उदाहरण देऊन मिटवला.

अडचण अशी की ही पुस्तिका पाचपैकी एकाच संगणकावर वाचता येत होती. प्रणाली बसवणाऱ्या माणसाने ती सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आणि बाकीच्या चार संगणकांवर तिचे शॉर्टकट केले. सर्व्हरवर ती व्यवस्थित उघडे. इतरत्र खिडकी उघडे, डावीकडे प्रकरणांची यादीही दिसे, पण उजवीकडे पानाच्या जागी ‘नेव्हिगेशन टू द वेबपेज वॉज कॅन्सल्ड’ एवढी एकच ओळ येई. काट्यावर बसणारा आमचा अमळनेरकडचा मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, “पुस्तक उघडस, पन पानं कोरी शेतस.” दोषाचे इतके नेमके वर्णन पुढे कंपनीच्या मदतकेंद्रातून एकदाही ऐकायला मिळाले नाही.

मदतकेंद्राला मी तीन आठवड्यांत चार वेळा फोन केला. पहिल्यांदा अँटिव्हायरस बंद करून पाहायला सांगण्यात आले, दुसऱ्यांदा प्रणाली काढून पुन्हा बसवायला, आणि तिसऱ्यांदा सामायिक फोल्डरला ‘झेड’ ड्राइव्हचे अक्षर द्यायला. यांपैकी कशाचाच उपयोग झाला नाही आणि होणारही नव्हता, कारण बिघाड फाइलमध्ये नव्हता आणि नेटवर्कमध्येही नव्हता. ही पुस्तिका ‘सीएचएम’ या प्रकारची मदत फाइल आहे. अशी फाइल म्हणजे अनेक वेबपानांचा दाबून बांधलेला गठ्ठा असतो आणि ती पाने दाखवण्याचे काम विंडोजमध्ये इंटरनेट एक्सप्लोररचेच यंत्र करते. अशा पानातून संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येते असा धोका उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने जून २००५ मध्ये एक सुरक्षा अद्यतन आणले. तेव्हापासून मदत फाइलमधली पाने फक्त त्याच संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरून उघडतात आणि नेटवर्कवरून आलेली पाने अडवली जातात. ड्राइव्हला अक्षर दिले म्हणून दूरची डिस्क जवळची होत नाही. हे सारे मायक्रोसॉफ्टने त्याच वेळी लिहून ठेवलेले असताना, सीएचएम पुस्तिका विकणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला ते ठाऊक नसावे, ही माझी मुख्य तक्रार आहे.

चौथ्या फोननंतर त्यांच्या माणसाने दूरस्थ जोडणीने आमच्या संगणकाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवते तिथे, शिरून ‘मॅक्सअलाउडझोन’ हे मूल्य घातले. ते प्रथम त्याने १ ठेवले, म्हणजे कार्यालयातील अंतर्गत नेटवर्कपर्यंत परवानगी दिली. पाने तरीही कोरीच राहिली. मग फारसा विचार न करता त्याने ते ३ केले आणि पाने दिसू लागताच तक्रार निकाली निघाल्याची नोंद करून टाकली. ३ म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्याही ठिकाणाहून आलेल्या मदत फाइलला मोकळे रान. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे भरली जातात, त्यावर एका पुस्तिकेसाठी २००५ मध्ये बंद केलेले दार पुन्हा उघडून ठेवण्यात आले होते, आणि याची एका शब्दाने कल्पना आम्हाला देण्यात आली नव्हती.

ते कळले गोलाणी मार्केटमधील एका छोट्या दुकानाच्या कारागिरामुळे, जो खरे तर प्रिंटर दुरुस्त करायला आला होता. १ हे मूल्य का चालले नाही, हे त्याने शॉर्टकट पाहताच सांगितले. शॉर्टकटमध्ये सर्व्हरच्या नावाऐवजी १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता होता, आणि टिंबे असलेला पत्ता विंडोज सामान्यतः अंतर्गत न मानता इंटरनेटचा मानते. परवानगी द्यायचीच असेल तर त्याच ठिकाणी ‘यूआरएलअलाउलिस्ट’ मध्ये केवळ आपल्या एका फोल्डरचे नाव लिहिता येते, हेही त्याने दाखवले. मात्र त्याने तो मार्गही घेतला नाही. त्याने रजिस्ट्रीतील बदल काढून टाकला, पुस्तिका प्रत्येक संगणकाच्या सी ड्राइव्हवर उतरवली आणि संगणक सुरू होताना सर्व्हरवर नवी प्रत असेल तरच ती खाली आणणारी एक चार ओळींची बॅच फाइल ठेवून दिली. मूळ प्रत एकाच ठिकाणी राहते आणि वाचन आपापल्या डिस्कवरून होते. माझ्या मते हीच व्यवस्था कंपनीने पहिल्या दिवशी करून द्यायला हवी होती.

काट्यावरच्या संगणकाने मात्र यानंतरही दाद दिली नाही. तिथली प्रत कोणीतरी पूर्वी ईमेलवरून उतरवून ठेवलेली होती आणि अशा फाइलवर विंडोज ‘बाहेरून आलेली’ अशी खूण ठेवते. गुणधर्मांच्या चौकटीत ‘अनब्लॉक’ केल्यावर ती खूण गेली, तरी पाने येईनात. शेवटी सापडले ते हे, की फोल्डरच्या नावात ‘काटा#२’ असे चिन्ह होते, आणि मार्गात ते चिन्ह आले की सीएचएमची पाने दिसत नाहीत. नाव बदलताच पुस्तिका उघडली. प्रिंटरसकट त्या कारागिराने ४५० रुपये घेतले आणि काय काय बदलले ते कागदावर लिहून दिले.

म्हणून प्रणालीला मी पाचपैकी चार तारे देतो आणि देखभाल सेवेला एक. ज्यांच्याकडे एकच संगणक आहे, त्या लहान मिलवाल्यांनी ती निःशंकपणे घ्यावी. अनेक संगणकांवर वापरणाऱ्यांनी बसवायला येणाऱ्या माणसाला पुस्तिका प्रत्येक डिस्कवर उतरवून देण्यास आधीच सांगावे, आणि दूरस्थ जोडणीने कोणी रजिस्ट्रीला हात लावत असेल तर कोणते मूल्य किती केले ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. आमचा करार पुढच्या पाडव्याला संपतो. नूतनीकरणासाठी मी कंपनीला दोन अटी लेखी कळवल्या आहेत : अद्यतनासोबत पुस्तिका प्रत्येक संगणकावर आपोआप उतरली पाहिजे आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद आम्हाला मिळाली पाहिजे. पहिली अट पुढच्या आवृत्तीत पूर्ण करू, असे उत्तर आले आहे. दुसरीचा त्यात उल्लेख नाही.