साधं सोल्डरिंग आयर्न घ्यावं की स्टेशन?

समोरच्या काकांना २५ वॉटचं साधं आयर्न हवंय, त्यांच्या डिप्लोमा करणाऱ्या मुलाला तापमान ठरवता येणारं स्टेशन. दोघांनी वेगवेगळं येऊन मला विचारलं, मी दोघांनाही ‘बरोबर आहे’ म्हणालो आणि आता त्यांच्या घरात वाद पेटलाय. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

साध्या आयर्नमध्ये एक हीटर आणि पुढे बिट, म्हणजे सोल्डर वितळवणारं टोक, बस. २३० व्होल्टवर २५ वॉट म्हणजे रोध साधारण २१०० ओहम. प्लग काढून त्याच्या दोन पिनांवर मल्टिमीटर धरा. तेवढा आकडा आला तर हीटर जिवंत. दुसरं बिघडण्यासारखं काही नाहीच. स्टेशनच्या पैशात अशी चार-पाच आयर्न येतील.

रडगाणं सुरू होतं सर्किट बोर्डवर. ६०/४० सोल्डर (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं असलेली जोडाची तार) १८३ अंशांना वितळायला लागतं, कामाला बिट ३२० ते ३५० अंशांवर असलं की पुरतं. पण साध्या आयर्नला थांबणं माहीत नाही. दहा मिनिटं स्टँडवर पडून राहिलं की बिट काळं पडतं आणि सोल्डर त्याला धरतच नाही, गोळी होऊन घरंगळतं. आमच्या वॉशिंग मशीनच्या बोर्डवरचा रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) काढताना मी असाच एक पाय हट्टाने तापवत बसलो. रिले निघाला, पण खालचं तांब्याचं पॅडही (बोर्डवरची पाय जोडायची चकती) त्या पायाला चिकटून वर आलं. शेवटी वायरचा तुकडा टाकून ट्रॅक जोडला. मशीन चालतंय, पण तो बोर्ड मी कुणाला दाखवत नाही.

स्टेशनमध्ये हीटरपाशी सेन्सर असतो. जोडाने उष्णता खेचली की ते लगेच भरून काढतं. स्टेशन फक्त बारीक कामाचं, असा समज आहे; मला तर त्याचा खरा उपयोग जाड कामात दिसला. बोर्डवरचं ग्राउंडचं पसरट तांबं उष्णता पिऊन टाकतं. तिथे २५ वॉट दमतं, मग आपण दाबून धरतो आणि पॅड उखडतं. ६० वॉटचं स्टेशन तोच जोड दोन-तीन सेकंदांत मोकळा करतं.

एक सावधगिरी मात्र हवी. साधं तांब्याचं बिट खडबडीत झालं की कानस मारून पुन्हा सोल्डर चढवता येतं. स्टेशनच्या बिटावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. त्यावर कानस फिरली की बिट गेलंच. स्टेशन आलं तर काकांची कानस लपवून ठेवा.

यूएसबी-सीवर चालणारं पेनासारखं आयर्नही मिळतं. लॅपटॉपचा ६५ वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीवरून जास्त ताकद देणारा) चार्जर घरात असेल तर उत्तम. साध्या मोबाइल चार्जरवर त्याची ताकद निम्मीही राहत नाही.

आता काकांची कामं बघू. पंखा हळू फिरतो? बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलला की झालं, आयर्न लागतच नाही. मिक्सरचे कार्बन ब्रश, तेही तसेच. उरली हेडफोनची तुटलेली वायर, रिमोटची स्प्रिंग, दारावरची बेल. वर्षातून चार-पाच वेळा. याला साधं आयर्न भरपूर झालं; फक्त तीन पिनांचं घ्या, आणि बरोबर जड स्टँड. मुलगा दर आठवड्याला ईएसपी३२ (वाय-फायवाली छोटी कंट्रोलर चिप) घेऊन बसतो, त्याचं काम स्टेशनचंच. घरात एकच यायचं असेल तर स्टेशन घ्या, कारण ते काकांची कामंही करतं.

खरेदीला ठाण्याहून निघून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठा. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. सुटं बिट मिळतं का ते आधी विचारा, मगच मॉडेल ठरवा.

एवढं ठरल्यावर काल मी त्यांच्याकडे सॉकेट उघडून बघायला गेलो. स्टेशनचं बिट अर्थ केलेलं असतं, म्हणून गळका करंट नाजूक चिपपर्यंत जात नाही. पण मुळात भिंतीत अर्थिंग हवं ना! ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत जुनी. तीन पिनांचे सॉकेट सगळीकडे आहेत, वरच्या पिनेला वायर मात्र फक्त स्वयंपाकघरात. म्हणजे स्टेशन लावायचं तर ओट्याशेजारी, आणि शिशाचं सोल्डर तिथे नको हे काकूंचं म्हणणं अगदी रास्त आहे. तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून हॉलपर्यंत अर्थची वायर ओढायची, असं ठरलंय. तो पैसा कुणी द्यायचा, यावर आता नवा वाद चालू आहे.