थीम पार्कमध्ये सुट्टीतलं काम: खोपोली, बिडदी की फ्लोरिडा?

बी.कॉम., बीबीए, हॉटेल मॅनेजमेंट करणाऱ्या आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मुलांसमोर थीम पार्कमधल्या कामाचा विषय निघाला की तीन नावं येतात: खोपोलीचं इमॅजिका, बेंगळुरूजवळच्या बिडदीचं वंडरला आणि फ्लोरिडातलं डिस्ने. माझं मत आधीच सांगतो. पार्क किती मोठं आहे हे बघून जाऊ नका. तिथं दिवसभर कोणती भाषा बोलावी लागेल आणि हाताला कोणतं काम लागेल, हे बघून ठरवा.

डिस्नेबद्दल गैरसमज जास्त, म्हणून ते आधी. तिथला विद्यार्थी कार्यक्रम ऐंशीच्या दशकापासून चालू आहे. राइड चालवणं, खाण्याचे स्टॉल, दुकानं, साफसफाई अशी कामं असतात, आणि राहायची सोय घेतली तर भाडं पगारातून कापून घेतात. पण बेळगावातून थेट इंटर्न म्हणून अमेरिकेला जायचं तर जे-1 म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा लागतो, आणि त्याच्या इंटर्न प्रकारात अकुशल काम चालत नाही. डीएस-7002 नावाचा प्रशिक्षणाचा आराखडा आधी भरून द्यावा लागतो. कारकुनी काम 20 टक्क्यांच्या वर जाऊन चालत नाही. म्हणजे पॉपकॉर्नच्या गाडीवर उभं राहायला या इंटर्न प्रकारच्या व्हिसावर जाता येत नाही. पुढं एमएससाठी तिकडं गेलात तर एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर साधारण एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर अभ्यासक्रमाशी जोडलेलं काम करता येतं. डिस्नेचा विचार तेव्हा करा. ‘डिस्नेत लावून देतो’ म्हणत कोणी आगाऊ पैसे मागितले, तर त्याची स्पॉन्सर संस्था, म्हणजे जे-1 साठी तुमची जबाबदारी घेणारी संस्था, अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या यादीत आहे का ते आधी बघा. ही यादी सगळ्यांना बघता येते. घरच्यांनी त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढू नये, एवढं कळकळीनं सांगतो.

राहिली दोन. इमॅजिका 2013 साली सुरू झालं. खोपोली-पाली रस्त्यावर आहे, म्हणजे पुण्यापर्यंत आपला नेहमीचाच हायवे आणि पुढं घाट उतरायचा. येणारी गर्दी मुंबई-पुण्याची. मराठी, हिंदी, गुजराती कानावर पडणार. पार्कला लागूनच हॉटेल आहे, त्यामुळं हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांना ही जागा जास्त सोयीची. 2022 पासून ते मालपाणी समूहाकडं आहे आणि लोणावळा, शिर्डीची पार्कंही त्यांचीच, म्हणजे पुढं याच लायनीत राहायचं ठरवलं तर महाराष्ट्रात ओळख होते.

वंडरलाची सुरुवात 2000 साली कोचीत झाली, बिडदीचं पार्क 2005 चं. रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी बेंगळुरू. तिथून म्हैसूर रस्त्यानं बिडदी. इथं कन्नड आणि इंग्रजीशिवाय पान हलत नाही, शिवाय तमिळ-तेलुगू पाहुणे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना म्हणूनच मी बिडदी सुचवतो. आपल्यातल्या कित्येकांना कन्नड वाचता येतं, बाजारात भाव करण्यापुरतं बोलताही येतं. पण समोरचा चिडला असताना त्याला कन्नडमध्ये शांत करायची वेळ आली की जीभ अडते. ती सवय रांगेच्या तोंडाशी दिवसभर उभं राहूनच लागते. कर्नाटकात राहून नोकरी करायची असेल तर हीच कमाई सगळ्यात मोठी. इंग्रजी माध्यमातल्या, घरी दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलांना मात्र खोपोलीही तितकंच चांगलं.

कामाचं म्हणाल तर दोन्हीकडं राइडवर नेमणूक मागा. तिकीट खिडकी सुटसुटीत वाटते, पण शिकायला राइडचा प्लॅटफॉर्म उत्तम. उंचीच्या पट्टीपाशी पोराला उभं करायचं. दोन बोटं कमी पडली तरी नाही म्हणायचं, वडील कितीही हुज्जत घालोत. मग प्रत्येक सीटचा बार हातानं ओढून बघायचा. नुसतं नजरेनं बघून चालत नाही. शेवटची सीट झाली की जोडीदाराला खूण, त्याची उलट खूण आली की मगच राइड सोडायची. शंका आली तर राइड थांबवायची आणि रांगेचा आरडाओरडा ऐकून घ्यायचा. नियमाला धरून नम्रपणे नाही म्हणणं वर्गात शिकवता येत नाही, आणि बँकेत, हॉस्पिटलात, कुठंही ते लागतं.

निघायच्या आधी काही गोष्टी पक्क्या करा. पार्कला माणसं जास्त लागतात ती एप्रिल-मे मध्ये, आणि आपल्या सेमिस्टरचं वेळापत्रक सरकत असतं. म्हणून कॉलेजचं पत्र घेऊन फेब्रुवारीतच एचआरला विचारा. हजेरीचं काय ते विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. राहणं-जेवण कंपनीचं की आपलं, सुट्टीचा वार कोणता, रात्रीची शिफ्ट संपल्यावर खोलीवर सोडायला गाडी आहे का, हे आई-बाबांसमोर फोनवर विचारा, मुलींनी तर नक्कीच. स्टायपेंड खोलीभाड्यातच जाणार असेल तर जवळचं पार्क निवडा, त्यात कमीपणा नाही.

रुजू झाल्यावर पहिले पंधरा दिवस दिलेलं काम चोख करा, मग सुपरवायझरकडं विभाग बदलून मागा. एक आठवडा जरी स्वयंपाकघराच्या स्टोअरमध्ये किंवा संध्याकाळच्या कॅश क्लोजिंगला, म्हणजे दिवसाचा रोख हिशेब जुळवायला, बसायला मिळालं तर बी.कॉम.वाल्याचं सोनं. शेवटी सर्टिफिकेट घेताना नुसतं ‘इंटर्नशिप पूर्ण केली’ एवढं लिहून घेऊ नका. कोणत्या राइडवर, कोणत्या विभागात, किती आठवडे, कोणत्या जबाबदारीवर, हे सगळं त्यात मागून लिहून घ्या. इंटरव्ह्यूला बसलेला माणूस नेमकं तेच विचारतो.