चित्रातली मुंबई नकाशावर मांडायची, तर साधन कोणते?

जुन्या चित्रांतल्या जागा आणि नामवंत वास्तू नकाशावर आणू पाहणाऱ्याने साधन निवडण्याआधी एक प्रश्न सोडवावा: खूण चित्रात दिसणाऱ्या जागेवर करायची, की चित्रकार जिथे उभा होता तिथे? चित्रकार जेम्स वेल्स यांनी १७९१-९२ मध्ये रेखाटलेल्या मुंबईच्या बारा दृश्यांसाठी या दोन्ही खुणा लागतात. त्यातून वस्तूही जागा सोडतात. काळा घोडा हा पुतळा १९६५ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला आणि घारापुरीचा दगडी हत्तीही आज तिथेच आहे.

केवळ वास्तूंची यादी करायची असेल, म्हणजे राजाबाई टॉवर (१८७८), गेटवे ऑफ इंडिया (१९२४) आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती, तर स्वतःचा नकाशा बनवण्याचे गूगल माय मॅप्स हे साधन पुरेसे आहे. ते तासाभरात हाताशी येते आणि एका नकाशात १० थर मिळतात. मात्र पार्श्वभूमी आजच्याच शहराची असते, त्यामुळे १८६०च्या दशकात पाडलेली कोटाची तटबंदी तिथे दिसत नाही.

चित्रांसाठी मी यूमॅपच सुचवेन. ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेल्या या साधनात पार्श्वभूमी बदलता येते. क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये शहराचा जुना आराखडा आजच्या रस्त्यांशी जुळवून, त्याच्या नकाशा-फरशा (नकाशाचे छोटे चौकोनी तुकडे) इंटरनेटवर कुठेतरी ठेवल्या, तर त्यावरच खुणा करता येतात. हे काम वेळखाऊ आहे, पण चित्रातला कोटाचा दरवाजा नेमका कोणत्या चौकात होता, हे त्याशिवाय उमगत नाही. मूळ ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मात्र चित्रकाराची जागा भरू नये, कारण प्रत्यक्ष जाऊन पडताळता येईल अशीच माहिती तिथे अपेक्षित असते.

विकिमीडिया कॉमन्स या चित्रांच्या मुक्त संग्रहावर पाहणाऱ्याची आणि दृश्याची जागा वेगवेगळी नोंदवण्याची सोय आहे. पण तिथे मुक्त परवान्याची किंवा हक्क संपलेलीच चित्रे चालतात आणि भारतात कलावंताच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. १९४४ साली निवर्तलेल्या चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची चित्रे त्यात बसतात, एम. एफ. हुसेन यांची बसत नाहीत.

साधन कोणतेही घेतले तरी जागा कितपत खात्रीची आहे हे नोंदवायला एक रकाना ठेवाच. व्हॅन गॉग यांच्या १८८९ मधल्या ‘ताऱ्यांची रात्र’ या चित्रातले गाव फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या त्यांच्या खिडकीतून दिसत नव्हते. अशा चित्राची खिडकी नकाशावर पक्की करता येते, गावापुढे मात्र ‘कल्पित’ असेच लिहावे लागते.