टाचेवर चालवणारा वेज शू: जोडलेल्या अंगठ्यासाठी चांगला, फक्त पुढचा पट्टा सांभाळा

तुटलेला पायाचा अंगठा मायक्रोसर्जरीने (सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवून) जोडल्यावर चालायची परवानगी मिळते, ती बऱ्याचदा या बुटासकट. तळ टाचेखाली जाड, पुढे कापल्यासारखा. चवडा अधांतरी राहतो आणि भार टाचेवर जातो. हे काम तो चोख करतो. पण घालायची घाई नको. जोडलेली धमनी जेमतेम १ मिलिमीटरची. पाय खाली सोडला की रक्त साचतं आणि नव्याने शिवलेल्या नीलांना ते परत नेणं झेपत नाही. सर्जनने हो म्हटल्यावर आधी पाय पलंगावरून ५-१० मिनिटं खाली सोडायचा, बोटाचा रंग बघायचा, रोज थोडा वेळ वाढवायचा. बूट त्यानंतर.

खरी खोट पुढच्या व्हेल्क्रोत आहे. तो पावलाच्या वरच्या अंगाला, नेमका नीलांच्या वाटेवर बसतो. आवळला गेला तर बोट जांभळं होऊन फुगतं, टोक दाबून सोडलं की रंग झटकन परततो: नीला तुंबल्या. बोट पांढरं, थंड, सुरकुतलेलं आणि रंग २ सेकंदांनंतरही येत नसेल तर धमनीत अडथळा. दोन्ही वेळी पट्टा सोडा आणि लगेच सर्जनला फोन करा, सकाळची वाट बघू नका. घोट्याचा पट्टा पक्का, पुढच्याखाली हाताचं एक बोट सहज सरकलं पाहिजे. (सिगारेट चालू असेल तर मात्र कुठलाही बूट वाचवणार नाही, निकोटिनने धमन्या आकसतात.)

माप ड्रेसिंगसकट घ्या. अंगठ्यातून बाहेर आलेलं के-वायरचं (हाड धरून ठेवणाऱ्या तारेचं) टोक बुटाच्या काठाच्या आतच राहायला हवं. कुठे अडकलं तर हाडाचा जोड हलतो. बोट बधिर असतं, घासलेलं कळत नाही, म्हणून रोज बूट काढून लाल चट्टे शोधा.

दुसरी तक्रार उंचीची. एक पाय उंच झाल्याने कंबर धरते. दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घाला. लांब पाऊल टाकलं की चवडा टेकतोच, तेव्हा पावलं छोटी, हातात कुबड्या. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. ओल्या फरशीवर नकोच.

के-वायर साधारण ४ ते ६ आठवड्यांनी निघते. हाड जुळल्याचं एक्स-रेत दिसलं की सर्जनला विचारून कडक तळाच्या, पुढे रुंद बुटावर या. वेजमध्येच रेंगाळलात तर अंगठ्याने जमीन ढकलून चालणं परत जमवायला जड जातं.