अ‍ॅन्युरिझम सापडलाय: क्लिप, कॉइल की जीन थेरपीची वाट?

एमआरआय भलत्याच कारणासाठी काढलेला असतो आणि रिपोर्टात मेंदूच्या धमनीवरचा फुगवटा निघतो. प्रौढांपैकी साधारण ३ टक्के लोकांच्या मेंदूत असा न फुटलेला अ‍ॅन्युरिझम असतो. बहुतेकांचा तो आयुष्यभर फुटत नाही. पण रिपोर्ट हातात पडला की घरात फोन सुरू होतात आणि कुणीतरी सुचवतंच, 'डोकं कशाला उघडायचं? जीन थेरपी येतेय ना, स्टेम सेल आहेत ना!'

मेंदूच्या अ‍ॅन्युरिझमसाठी मान्यता मिळालेली जीन थेरपी किंवा पेशी-उपचार आज नाही. आज हाती असलेले मार्ग म्हणजे क्लिप, कॉइल, फ्लो डायव्हर्टर आणि लक्ष ठेवून थांबणं.

क्लिपिंग सर्वांत जुनं. यात फुगवट्याच्या तोंडाशी चिमटा लावून त्यात रक्त जाणं बंद करतात. १९३७ साली न्यूरोसर्जन वॉल्टर डँडी यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला पहिली क्लिप लावली. कवटी उघडावी लागते, पण नीट बसलेली क्लिप सहसा कायमची असते. कॉइलिंगमध्ये मांडीतून किंवा मनगटातून कॅथेटर नेऊन फुगवट्यात प्लॅटिनमची तार भरतात. फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमवर २००२ साली आलेल्या 'आयसॅट' चाचणीत वर्षभरात मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइल गटात २३.७ टक्के, तर क्लिप गटात ३०.६ टक्के होतं. मात्र कॉइल केलेला फुगवटा काही जणांत पुन्हा उघडतो, म्हणून नंतरही स्कॅन करत राहावं लागतं. फ्लो डायव्हर्टर ही रक्ताचा प्रवाह फुगवट्यापासून वळवण्यासाठी धमनीत बसवायची बारीक जाळी. ती बसवल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या काही महिने चुकवून चालत नाही.

पेशी-उपचाराची कल्पना आली ती कॉइल केलेला फुगवटा पुन्हा उघडण्याच्या उणिवेतून. फुगवट्याच्या तोंडावर नवं अस्तर धरावं म्हणून कॉइलवर पेशी चढवून पाहिल्या गेल्या. मूळ पेशी (स्टेम सेल) टोचल्यावर धमनीच्या भिंतीतली सूज उतरते आणि फुटण्याचं प्रमाण घटतं, असं उंदरांत दिसलं. पण उंदरांतला तो अ‍ॅन्युरिझम मुद्दाम रक्तदाब वाढवून आणि भिंत विरघळवणारं एन्झाइम टोचून काही दिवसांत तयार केलेला असतो. माणसात तो वर्षानुवर्षं घडतो. शिवाय वाहत्या रक्तात पेशी जागेवर टिकवायच्या कशा आणि गुठळी टाळायची कशी, हेही आहेच.

जीन थेरपीची अडचण वेगळी आहे. एकच जनुक बिघडलेल्या आजारात नेमकं काय दुरुस्त करायचं हे ठरलेलं असतं. इथे २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या १७ जागांचा संबंध दिसला, त्यावर सिगारेट आणि रक्तदाब. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून घडलेल्या, २०२३ साली मान्यता मिळालेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराचं उदाहरण लोक देतात. पण त्यात रक्तातल्या पेशी बाहेर काढून, बदलून परत देतात. धमनीची भिंत अशी बाहेर काढता येत नाही.

मला सर्वांत रोचक वाटलं ते जपानच्या रिकेन संस्थेचं २०२३ चं काम. रुग्णांच्या फुगवट्यांत जन्मजात नसलेले, नंतर उद्भवलेले जनुकबदल सापडले. त्यांतलाच एक, पीडीजीएफआरबी जनुकातला बदल, विषाणूमार्फत उंदरांच्या धमनीत घातल्यावर धमनी फुगली आणि सुनिटिनिब या कर्करोगाच्या औषधाने ते रोखलं गेलं. म्हणजे विषाणू वापरला तो आजार घडवायला, आटोक्यात आणलं औषधाने. त्यामुळे जनुकांच्या अभ्यासातून आधी गोळीच येईल, असा माझा कयास. सुनिटिनिब मात्र आज कुणी मागू नये. ते रक्तदाब वाढवतं, आणि अ‍ॅन्युरिझम असलेल्याला तेच नको असतं.

मग थांबावं का? मेंदूच्या पुढच्या भागातल्या धमन्यांवरचा, ७ मिलिमीटरहून लहान, गुळगुळीत फुगवटा असेल आणि आधी रक्तस्राव झालेला नसेल, तर स्कॅन करत थांबणं हा रास्त पर्याय आहे. पण तो धोका कमी आहे म्हणून, जीन थेरपीच्या आशेवर नव्हे. सिगारेट सोडणं आणि रक्तदाब काबूत ठेवणं थांबणाऱ्यालाही चुकत नाही. फुगवटा मोठा, वेडावाकडा, मागच्या धमन्यांवरचा किंवा वाढता असेल, तर वाट पाहणं मला पटत नाही. आणि अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी उठली, तर तडक इमर्जन्सीत.

भाऊ-बहीण, आईवडील, मुलं यांपैकी दोघांना हा त्रास असेल, तर बाकीच्यांनी एमआर अँजिओग्राफीबद्दल (धमन्या दाखवणारा एमआरआय) न्यूरोसर्जनना विचारावं. जनुकांच्या माहितीचा आज खरा उपयोग इथेच.

कुणी स्टेम सेलचं पॅकेज पुढे केलंच, तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) नियमांनुसार असा अप्रमाणित उपचार मान्य चाचणीबाहेर देता येत नाही, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत.