तोकायची ड्राय फुरमिंट: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बुडापेस्टला राहायला आल्यानंतर तोकाय या हंगेरीतील वाइनच्या प्रदेशाचे नाव मी प्रथम ऐकले ते ऑसू या मधासारख्या गोड वाइनमुळे, आणि त्या भागात गोडवा नसलेली वाइनही तितक्याच निष्ठेने केली जाते हे कळायला मला दोन वर्षे लागली. गेल्या ऑक्टोबरात माद या गावच्या फुरमिंट जातीच्या द्राक्षांची, लेबलवर ‘सारॉझ’ म्हणजे ड्राय असे लिहिलेली वाइन साडेचार हजार फोरिंटला घेतली. तेव्हापासून जूनपर्यंत तीन उत्पादकांच्या मिळून अकरा बाटल्या आमच्या घरी आल्या, आणि त्यातली एकही जेवणाशिवाय प्यायलेली नाही. माझ्या मते या वाइनची खरी जागा जेवणाच्या ताटाशेजारीच आहे.

फुरमिंट हे द्राक्ष उशिरा पिकते आणि पूर्ण पिकल्यावरही त्याचा आंबटपणा टिकून राहतो. मुख्यतः याच द्राक्षापासून होणाऱ्या ऑसूचा गोडवा चिकट वाटत नाही तो यामुळेच. 2000 साली तोकायचे वाइन उत्पादक इश्त्वान सेप्शी यांनी ऊराद्या या एकाच बागेतील द्राक्षांची ड्राय फुरमिंट केली, आणि या प्रकाराकडे गांभीर्याने पाहिले जाण्यात त्या वाइनचा वाटा मोठा आहे. लेबल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युरोपीय नियमानुसार ड्राय वाइनमध्ये लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर चालते, परंतु आम्लता पुरेशी असल्यास ही मर्यादा 9 ग्रॅमपर्यंत जाते. फुरमिंटला ही सवलत सहज मिळते, म्हणून दोन ‘सारॉझ’ बाटल्यांच्या चवीत बराच फरक पडू शकतो.

पहिली बाटली मी थेट फ्रिजमधून काढून ओतली आणि माझी निराशा झाली, कारण लिंबाच्या आंबटपणाखेरीज जिभेला काहीच जाणवले नाही. अर्ध्या तासाने तोच ग्लास पुन्हा उचलला तेव्हा नाशपाती, हिरवे सफरचंद आणि येथे ‘बिर्शॉल्मा’ म्हणतात त्या तुरट, सुवासिक फळाची आठवण देणारा गंध आला, आणि शेवटी चकमकीच्या दगडासारखी किंचित धुरकट, खारट छटा मागे राहिली. आता मी बाटली वाढण्याआधी वीस मिनिटे बाहेर काढून ठेवते. 11 ते 12 अंश सेल्सिअसला ती सर्वांत चांगली लागते. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशी अधिक मऊ होते, तिसऱ्या दिवसानंतर मात्र तिचा गंध ओसरतो.

जेवणात तिची सर्वांत सुरेख जोडी जमते ती चिर्केपाप्रिकाशशी. कांदा आणि गोड लाल पाप्रिका यांत शिजवलेल्या कोंबडीच्या रश्शात शेवटी तेयफोल, म्हणजे आंबट साय, घालतात. त्या सायीचा जडपणा ही वाइन प्रत्येक घोटाला धुऊन काढते आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या आजींनी कार्प माशाचे हालास्ले, म्हणजे पाप्रिका घातलेला माशाचा रस्सा, दिले होते. तिखटसर, तेलकट रश्शापुढे ही पांढरी वाइन टिकेल का अशी मला शंका होती. ती नुसती टिकलीच नाही, तर माशाचा मातकटपणाही तिने झाकला. लोण्यात परतलेला फोगॉश हा मासा, हंसाच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे व कच्चा कांदा, आणि साय-चीज घातलेला लांगोश, म्हणजे तळलेला जाडसर पाव, यांच्याबरोबरही ती उत्तम लागते. घरच्या पदार्थांत कोथिंबीर वडी अप्रतिम जमली, कारण तळलेल्या बेसनाला आंबटपणा हवाच असतो. आपण एरवी लिंबू पिळतोच. ठेच्याबरोबर मात्र ती घेऊ नये. मिरचीने अल्कोहोलची जळजळ वाढते आणि फळाची चव पूर्ण हरवते.

गोमांसाच्या गुयाश या पाप्रिका घातलेल्या रश्शाबरोबर ती अपुरी पडते. तेथे केकफ्रांकोशसारखी लाल वाइनच हवी. काकडीच्या सिरक्यातल्या कोशिंबिरीसमोरही ती पाण्यासारखी सपक वाटली.

तक्रारी दोन. एका बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता, म्हणजे बुचामुळे वाइन बिघडली होती. दुकानदाराने ती बदलून दिली, पण पाहुणे जेवायला बसलेले असताना तो प्रकार घडला याचे मला वाईट वाटले. दुसरी एक महागडी बाटली नव्या ओकच्या पिंपात इतकी मुरवलेली होती की लाकूड आणि व्हॅनिला यांखाली द्राक्ष सापडेना. या द्राक्षाचा तरतरीतपणा असा दडपून टाकणे मला पटत नाही.

ज्यांना ही वाइन प्रथमच घ्यायची आहे, त्यांनी एकाच बागेचे नाव असलेली महाग बाटली घेण्याऐवजी गावाच्या नावाची साधी बाटली घ्यावी आणि त्या दिवशी सायीचा रस्सा करावा. एका बागेची बाटली मीही घेतली आहे, पण विक्रेत्याच्या सांगण्यावरून ती आणखी तीन वर्षे ठेवणार आहे.